टायी पूल : वल्ह्यांची होडी आणि लाकडी प्लग

शुक्रवार

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ननाइमोच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर कॅम्बेल रिव्हर नावाचं गाव आहे. ज्या नदीवरून गावाला हे नाव पडलं, ती समुद्राला मिळते तिथे वाळू-गोट्यांचा एक लांब दांडा पाण्यात शिरला आहे. त्याला टायी स्पिट म्हणतात. या दांड्याबाहेरचा, नदीच्या मुखासमोरचा पाण्याचा छोटासा पट्टा म्हणजे टायी पूल. पूल हा इंग्रजी शब्द, म्हणजे डोह. सॅमनच्या गळामागे आयुष्य घालवलेली माणसं दरवर्षी उन्हाळ्यात इथे लांबून येतात, आणि इथे पोचल्यावर इंजिन बंद करून वल्ही पाण्यात टाकतात. ते बघायला आम्ही निघालो होतो.

दादा-वहिनी व्हँकुव्हर शहराजवळच्या सरेला राहतात. हॉर्सशू बेहून गाडीसकट फेरीत चढलो. पावणेदोन तासांत ननाइमोचा डिपार्चर बे आला. तिथून उत्तरेला जायला नवा रुंद महामार्ग आहे, पण दादाने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा जुना १९-ए रस्ता धरला. पार्क्सव्हिल, क्वालिकम बीच, मग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला देवदारासारखी उंच झाडं. गाव यायच्या थोडं आधी रस्त्यालगत पन्नासाव्या अक्षांशाची पाटी लागते. वहिनी म्हणाली, "हर्णै कितीवर आहे गं?" अठराच्या जरा खाली. म्हणजे आम्हा भावंडांना जो समुद्र कळतो, त्याच्यापेक्षा हा फार निराळ्या जागचा समुद्र.

मुक्कामी सामान टाकलं आणि उजेड होता तोवर स्पिटवर चालत गेलो. टायी क्लबची इमारत छोटी, लाकडी आणि साधी आहे. बाहेर वजनकाटा. आत भिंतीवर फळे, आणि त्यांवर वर्षावर्षाच्या नोंदी. क्लब १९२४ मध्ये स्थापन झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना बेटावर ट्यूना पकडणाऱ्यांचा एक जुना क्लब होता, त्याच्या नियमांचा नमुना इथल्या मंडळींनी समोर ठेवला होता. नियम असे : होडी वल्ह्यांनीच चालली पाहिजे. आमिष कृत्रिम असावं, खरा मासा लावायचा नाही. गरी एकच, तीही काट्याविना, म्हणजे टोकामागचा उलटा दात नसलेली. दोरीची ताकद वीस पौंडांपेक्षा जास्त नको. काठी सहा ते नऊ फूट. हंगाम १५ जुलै ते १५ सप्टेंबर. या सगळ्या बंधनांत राहून तीस पौंड, म्हणजे साडेतेरा किलोंच्या वरचा चिनूक सॅमन ज्याने आणला, त्यालाच क्लबचं सदस्यत्व मिळतं. अशा माशाला इथे टायी म्हणतात. पैसे भरून या क्लबात शिरता येत नाही, हे मला मनापासून आवडलं.

वीस पौंडांची दोरी आणि तीस, चाळीस, पन्नास पौंडांचा मासा. हा हिशोब मुद्दाम असा ठेवलेला आहे. होडी माशामागे गेली नाही तर दोरी तुटणारच. वल्हवणारा माणूस इथे का महत्त्वाचा आहे, ते नियमाच्या कागदावरच दिसतं. पाण्यात ते कसं दिसतं, हे दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

शनिवार

पहाटे साडेचारला अंधारातच धक्क्यावर. ऑगस्टचा मध्य असला तरी अंगात लोकरीचं, त्यावर पावसाळी कोट. डिस्कव्हरी पॅसेज या गावासमोरच्या सामुद्रधुनीचं पाणी ऐन उन्हाळ्यातही थंडगार असतं, कारण अरुंद वाटेतून धावणारे प्रवाह खालचं गार पाणी सतत वर घुसळत राहतात.

आमचे वल्हेकरी सत्तरीचे गृहस्थ. उमेदीची वर्षं लाकूडतोडीत गेली, आणि उन्हाळ्यातली पहाट-संध्याकाळ मात्र कायम या होडीत. होडी चौदा फुटांची, फळीवर फळी चढवून बांधलेली, आतून वार्निश केलेली. अशा होड्यांचा इथे मोठा वारसा आहे. नेड पेंटर नावाच्या होडीबांध्याने गेल्या शतकात इथे बांधलेल्या वल्ह्याच्या होड्यांचं नाव अजून काढतात. वल्हेकरी मध्ये बसतात, तोंड मागच्या बाजूला. गळ धरणारा मागच्या फळीवर. मी पुढच्या टोकाशी, दादा मागे. म्हणजे वल्हेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर कायम दोन गोष्टी : दादाचा चेहरा आणि काठीचं टोक. त्यातलं काठीचं टोकच ते बघत होते.

आता प्लगबद्दल. मला या प्रवासात सगळ्यात जास्त ओढ याच वस्तूची होती. वीतभरापेक्षा थोडा आखूड, माशाच्या घडणीचा, आमिष म्हणून ओढायचा एक तुकडा. पूर्वी तो लाकडाचाच असे, बहुतेक सीडरचा. आता बरेच प्लास्टिकचे असतात. याच बेटावरच्या सूक गावचे टोमिक प्लग सगळीकडे दिसतात आणि त्यांच्या रंगांना क्रमांक असतात. इथली माणसं रंगाचं नाव घेत नाहीत, क्रमांक सांगतात. आमच्या वल्हेकऱ्यांच्या पेटीत मात्र सिअ‍ॅटलला बनलेला एक जुना लकी लुई होता, लाकडी, शिंपल्याच्या चकाकीचा, आणि पाठीवर दातांचे ओरखडे. त्यांनी तो पेटीतून काढला, अंगठा फिरवला आणि परत ठेवला. तो पाण्यात टाकायचा नसतो आता.

प्लगचं डोकं तिरकं कापलेलं असतं. ओढला की ते तिरकं तोंड पाण्यावर आपटतं आणि प्लग खाली जायला बघतो. पाणी एका बाजूने निसटलं की तो दुसऱ्या बाजूला कलतो, तिथून परत. या डुलण्यातच त्याचा जीव आहे. वास नाही, चव नाही, हालचाल तेवढी खरी. होडी संथ झाली की प्लग मेल्यासारखा सरळ लोंबकळतो. जोर जास्त झाला की एका कुशीवर पडून गरगर फिरतो आणि दोरीला पीळ पडतो. मधला वेग फार अरुंद पट्ट्यात सापडतो. शिवाय प्रत्येक प्लगचा तो वेग वेगळा. वल्हेकऱ्यांनी दादाचा प्लग आधी होडीच्या कडेला पाण्यात ओढून बघितला, नाकाशी असलेली तारेची कडी पक्कडीने केसभर डावीकडे वळवली, परत ओढला, परत वळवली. चौथ्या-पाचव्या खेपेला मान हलवली.

गरीची रचनाही विचार करून केलेली. दोरी प्लगच्या पोटातून आरपार जाते आणि गरी मागे दोरीला असते. मासा लागला की प्लग दोरीवरून वर सरकतो आणि गरी एकटी तोंडात राहते. तसं नसतं तर माशाने डोकं झटकलं की प्लगचं वजन तरफेसारखं काम करून गरी उखडली असती. त्यातून ही काट्याविना गरी. दोरी क्षणभर सैल पडली तरी मासा मोकळा.

दोरीवर काही औंस शिशाचं वजन लावून दादाने रिळावरून ती हाताहाताने सोडली. वल्हेकरी मोजत होते. ठरलेल्या मापावर त्यांनी "थांब" म्हटलं. काठीचं टोक लागलीच बोलायला लागलं. ठक, ठक, ठक. एकसारखं, सेकंदाला दोनेकदा, बारीकसं वाकणं. वैद्य नाडी धरून बसावा, तसे ते त्या टोकाकडे बघत वल्हवत होते. ठोका मंदावला की एक वल्हं जरा लांब. ठोका थरथरला की आखूड. ठोका मधूनच दबला, तर म्हणाले, "गवत." दोरी गुंडाळली. गरीला समुद्री गवताचं एकच पातं लागलेलं होतं. एका पात्याने प्लगचं डुलणं थांबतं, आणि थांबलेल्या प्लगकडे इथला मासा ढुंकून बघत नाही.

असं का, तेही त्यांनी सांगितलं. नदीत शिरायच्या बेतात असलेला चिनूक खाणं सोडत आलेला असतो. त्याचं पोट आक्रसत जातं, सगळी चरबी अंड्यांकडे नाहीतर विर्याकडे वळते. तो मुखाशी थांबतो, नदीच्या गोड्या पाण्याची चव घेत, भरती-ओहोटीबरोबर पुढेमागे होत. भूक नसलेल्या या जनावराला आमिष दाखवून उपयोग काय? म्हणून त्याला छेडायचं. त्याच्या नाकासमोरून काहीतरी डुलत, चकाकत, आगाऊपणे गेलं पाहिजे, आणि ते गेलं पाहिजे हळू. चिडून तो तोंड टाकतो, असंच इथले लोक मानतात. मला ते पटलं, कारण त्या पट्ट्यात दुसऱ्या कुठल्या वागण्याने प्लगला यश मिळालं असतं असं वाटत नाही.

पुलातलं वल्हवणं म्हणजे एका जागेहून दुसरीकडे जाणं नव्हे. नदीचा प्रवाह बाहेर येतो, समुद्राचा प्रवाह आडवा वाहतो आणि दोन्हींच्या सीमेवर तळाची एक कड आहे. मासे त्या कडेला धरून असतात. होडीने त्या कडेवर राहायचं. कधी अर्धा तास वल्ही मारून होडी किनाऱ्यावरच्या त्याच एका खांबासमोर असते, पण पाणी मागे धावत असल्याने प्लग डुलत असतो. आणखीही एक गंमत आहे. इथे भरतीचं पाणी उत्तरेकडून दक्षिणेला वाहतं. बेटाच्या उत्तर टोकाला वळसा घालून आलेली भरती या पॅसेजमधून खाली उतरते. आमच्या किनाऱ्यावर भरती म्हणजे पाणी खाडीत वर चढणं, एवढंच डोक्यात असलेल्या मला ही दिशा ध्यानात ठेवायला पूर्ण सकाळ लागली.

आसपास दहा-बारा होड्या. कोणी मोठ्याने बोलत नाही. एकमेकांना वाट देण्याचे अलिखित संकेत आहेत आणि ते पाळले जातात. सूर्य क्वाड्रा बेटामागून वर आला, ऊन पाण्यावर पडलं, आणि हळूहळू होड्या परतल्या. त्या सकाळी पुलात कोणालाच मासा लागला नाही. वल्हेकऱ्यांच्या चेहऱ्यावर नाराजी नव्हती. त्यांनी होडी ओढली, पुसली, आणि संध्याकाळची वेळ सांगून निघून गेले.

संध्याकाळी पुन्हा. साडेसातच्या सुमारास आमच्यापासून तीस हातांवरच्या होडीतली काठी वाकली ती वाकलीच. त्या होडीतली वल्हवणारी बाई तिशीची असेल. तिने दोन जोरकस वल्ही ओढली, गरी बसवली, आणि ओरडली. पुढच्या क्षणी भोवतालच्या सगळ्या होड्यांतली रिळं फिरायला लागली. प्रत्येकाने आपापली दोरी पाण्याबाहेर घेतली. स्वतःच्या मासेमारीची शेवटची अर्ध्या तासाची वेळ दुसऱ्याच्या माशासाठी सोडायची, तीही कुणी न सांगता. दादा दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "बघ, आता खरं वल्हवणं."

आणि खरंच, काठी धरलेल्या माणसाकडे मी नंतर बघितलंच नाही. मासा बाहेरच्या खोल पाण्याकडे धावला. बाईने होडी उलटी फिरवली आणि मागे मागे वल्हवत त्याच्यामागे गेली, दोरी ताठ राहील पण ताणली जाणार नाही अशा अंतरावर. इथली रिळं साधी असतात, मूठ थेट चाकाला जोडलेली. मासा धावला की मूठ उलटी गरगरते आणि बोटं मध्ये आली तर फुटतात. मासा वळला, होडी वळली. मासा खाली बसला, होडी त्याच्यावर जाऊन थांबली. भरतीने दोघांना ओढत दक्षिणेला नेलं, गावाच्या धक्क्याच्या दिशेने. अंधार पडता पडता ती होडी परत आली. क्लबच्या काट्यावर मासा चौतीस पौंड भरला. लोकांनी आधी वल्हवणाऱ्या बाईचा हात हातात घेतला, मग मासा आणणाऱ्याचा. हा क्रम मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

माशाकडे जवळून बघितलं. पाठ हिरवट काळी, कुशी चांदीच्या, पण चांदीवर तांबूस झाक चढायला लागलेली. शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर ठिपके आणि हिरड्या काळ्या. चिनूक ओळखायची हीच खूण. इकडच्या पाचही सॅमनमध्ये हा सगळ्यात मोठा. आमच्या हॉटेलांतून ज्याला इंडियन सॅमन म्हणतात तो रावस याच्या कुळातलासुद्धा नाही, हे वहिनीला तिथेच उभ्याउभ्या सांगून झालं.

या क्लबात तीस पौंडांपुढे कांस्य, चाळीसपुढे रौप्य, पन्नासपुढे सुवर्ण, साठपुढे हिऱ्याचं बटण मिळतं. सत्तरपुढे माणिक. क्लबच्या नोंदीतला सगळ्यात मोठा मासा १९६८ चा, साडेएकाहत्तर पौंडांचा. आता तीस पौंडांचा मासासुद्धा गावभर बातमी होते. चार-पाच वर्षं समुद्रात काढून परतणारे मोठे चिनूक या सगळ्याच किनाऱ्यावर कमी झाले आहेत. जे परततात ते वयाने लहान, अंगाने लहान. फळ्यांवरचे जुने आकडे वाचताना हे फार टोचतं.

रविवार

आग्नेयेचा वारा. केप मजच्या दीपगृहाकडे दक्षिणेला पाणी उभं राहिलेलं लांबूनही दिसत होतं. आग्नेयेचा वारा आणि समोरून येणारा भरतीचा प्रवाह एकमेकांवर आदळले की तिथे मोठमोठ्या बोटी अडचणीत येतात. वल्ह्याच्या होड्या वर ओढलेल्या. मग गाव बघितलं.

म्युझियममध्ये छोट्या पडद्यावर रिपल रॉकचा स्फोट दाखवतात. गावाच्या उत्तरेला सीमोर नॅरोज नावाची चिंचोळी वाट आहे. तिथे प्रवाहाचा वेग पंधरा नॉटपर्यंत जातो आणि ऐन मध्ये पाण्याखाली दोन शिखरांचा खडक होता. त्याने कित्येक जहाजं फोडली, शंभरावर माणसं घेतली. शेवटी शेजारच्या मॉड बेटावरून समुद्रतळाखालून बोगदा नेऊन खडकाच्या पोटात स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी शिखरं उडवली. कॅनडाच्या दूरचित्रवाणीवर ते थेट दाखवलं होतं.

सागरी वारसा केंद्रात बीसीपी ४५ ही जुनी लाकडी मासेमारी बोट ठेवली आहे. कॅनडाच्या पाच डॉलरच्या एका जुन्या नोटेवर जाळं ओढताना हीच बोट छापलेली होती. दादाने हाताने तिच्या फळ्या ठोकून बघितल्या. हर्णैचा माणूस, फळ्या ठोकल्याशिवाय राहत नाही.

मला थांबवलं ते मात्र मूळ रहिवाशांच्या दालनातल्या गळांनी. या किनाऱ्यावर लायक्विलताक लोकांची वस्ती, त्यांची वी वाय कुम आणि वी वाय काय ही राष्ट्रं आजही गावात आणि समोरच्या क्वाड्रा बेटावर आहेत. वाफेने वाकवलेल्या लाकडाचे गळ, हाडाचं टोक, सीडरच्या सालीची आणि समुद्रशेवाळाच्या देठांची दोरी. या किनाऱ्यावरच्या लोकांत सॅमनसाठी डोंगीमागे गळ ओढताना दोरी वल्हं धरलेल्या हाताशी ठेवायची रीत होती. वल्हं मारलं की आमिषाला झटका बसायचा, वल्हं परत घेतलं की ते सैल पडायचं. वल्हवणारा आणि गळ धरणारा हे दोन वेगळे लोक नव्हतेच. इंग्रज मासेमारांना हे गाव माहीत झालं ते फार नंतर. सर रिचर्ड मस्ग्रेव्ह यांनी १८९६ मध्ये इथे सत्तर पौंडांचा चिनूक धरला, त्याची हकीकत इंग्लंडच्या 'द फील्ड'मध्ये आली, आणि मग हौशी श्रीमंतांची रीघ लागली. त्यांच्या होड्या इथलीच माणसं वल्हवत असत. मासा फळ्यावर पाहुण्याच्या नावाने चढे. काल संध्याकाळी बाईचा हात आधी हातात घेणारी माणसं बघून आलेल्या मला या जुन्या फोटोंत वल्हवणाऱ्यांची नावं शोधावीशी वाटली. पुष्कळ ठिकाणी ती नव्हती.

सोमवार

वारा पडला होता, पण पहाटेची भरती सोयीची नव्हती. म्हणून सकाळी नदीच्या वर गेलो, एल्क फॉल्सला. पंचवीस मीटरांवरून पाणी अरुंद घळीत कोसळतं. समोरून बघायला झुलता पूल आहे. सॅमनला हा धबधबा चढता येत नाही. म्हणजे समुद्रापासून इथवरची जेमतेम पाच किलोमीटर नदी, एवढंच त्या अवाढव्य माशांचं माहेर.

धबधब्याच्या वर जॉन हार्ट धरण. १९४७ पासून वीज होते. धरणाने पाणी अडवलं, त्याबरोबर वरून वाहून येणारे गोटेही अडले. चिनूकची मादी शेपटीने गोट्यांत खड्डा करून अंडी घालते. गोटे ठराविक जाडीचे लागतात. वरून नवे येईनात आणि पुराबरोबर जुने वाहून जातात, तर अंडी घालायची कुठे? म्हणून अलीकडच्या दशकांत माणसांनीच नदीत ट्रकांनी गोटे आणून टाकले. नदीच्या मुखाशी जिथे लाकडाचे ओंडके साठवत, तिथली बेटंही परत दलदलीची, गवताची केली जात आहेत, कारण पिल्लं समुद्रात जाण्याआधी त्याच गवतात वाढतात. क्विन्सम ही कॅम्बेलला मिळणारी उपनदी. तिच्यावर १९७४ पासून मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे बघायला गेलो तर पिंक सॅमनची दाटी. कुबड निघालेले नर एकमेकांना रेटत, पायऱ्यापायऱ्यांच्या पाण्यातून वर चढत होते.

पुलातले बहुतेक मासे इथून निघालेले आणि इथे परतणारे. तीस पौंडांचा एक मासा धरावा की न धरावा, हा प्रश्न नदीकाठी उभं राहिलं की टाळता येत नाही. क्लबच्या लोकांतही यावर बोलणं चालतं. पुष्कळ जण आता मासा होडीच्या कडेलाच मोजून सोडतात. माझं मत विचारलं तर, या नदीतल्या मोठ्या माद्या सोडल्याच पाहिजेत. मोठ्या मादीच्या पोटात अंडी जास्त आणि आकाराने मोठी असतात, आणि तिचं मोठं होणं पुढच्या पिढीला थोडंफार मिळत असावंच. मासेमारी बंद करावी असं मात्र मी म्हणणार नाही. गोटे टाकायला, गवत लावायला, पिल्लं मोजायला जे लोक हिवाळ्यात येतात, त्यांतले कितीतरी उन्हाळ्यात वल्हवणारे आहेत.

संध्याकाळी वल्हेकऱ्यांनी मला मधल्या फळीवर बसवलं. "तू वल्हव," म्हणाले. स्वतः पुढे जाऊन बसले. दादा काठी धरून माझ्यासमोर. लहानपणी खाडीत होडी वल्हवलेल्या हातांना वल्हं परकं नव्हतं. पण तिथे पलीकडे पोचायचं असतं. इथे फक्त ठोका धरायचा. सुरुवातीला मी खांद्यांनी ओढत होते आणि टोक कधी धावे, कधी मुकं होई. वल्हेकरी मागून एकच सूचना देत राहिले : पाण्याकडे बघू नको, टोकाकडे बघ. हळूहळू पाठ सैल झाली, ओढ कमरेतून यायला लागली. ठक, ठक, ठक. दादाने हसून मान डोलावली. माझ्या दोन वल्ह्यांच्या मधल्या विसाव्यातसुद्धा होडी पुढे सरकत राहिली पाहिजे, म्हणजे प्लग डुलत राहील. तो विसावा आखूड करणं हेच शिकायचं होतं. पाण्याखाली पन्नास-साठ फूट मागे असलेला लाकडाचा तुकडा माझ्या पाठीच्या कण्याने चालतो आहे, हे कळलं तेव्हा मला अंधार पडूच नये असं वाटत होतं.

मंगळवार

शेवटची पहाट. वल्हेकरी मध्ये, मी पुढे, दादा मागे. धुकं होतं, पण पाणी काचेसारखं. भरती वळायच्या बेतात. पाणी थांबून उलटं फिरतं त्याच्या आगेमागे मासे हलतात, म्हणून सगळ्या होड्या कडेवर एका ओळीत.

सहाच्या थोडं आधी ठोका थांबला. दादा "गवत" म्हणायला तोंड उघडतोय तोवर टोक पाण्यात गेलं. वल्हेकऱ्यांनी दोन वल्ही अशी ओढली की मी पुढे कोलमडले. मग रिळाची मूठ उलटी गरगरायला लागली आणि आजूबाजूला दोऱ्या वर यायला लागल्या. कोणीतरी हात केला. आमच्यासाठी वाट झाली.

मासा आधी नदीकडे धावला, मग वळून बाहेर. एकदा पाण्याबाहेर आला, सगळा, लांबलचक, आणि आडवा पडला. वल्हेकरी दादाशी बोलत होते ते जेमतेम चार-चार शब्दांत : काठी वर. जाऊ दे. आता घे. सैल नको. ओढायचं काम सगळं वल्ह्यांनी केलं. मासा थांबला की ते होडी मागे आणत, दादाने रिकामी झालेली दोरी भरून घ्यायची. मासा धावला की होडीही धावे. माझ्या समोर त्यांचे खांदे होते, सत्तरीचे, ओल्या लोकरीखाली हलणारे. पाऊण तासाच्या आसपास आम्ही स्पिटपासून बरेच खाली, गावाच्या धक्क्यासमोर आलो होतो.

कडेला आल्यावर वल्हेकऱ्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, तिशीत बसत नाही. पंचवीसच्या आसपास असेल. मादी होती. डोकं लहान, पोट भरलेलं. कोणी विचारण्याआधीच दादा सोडायची म्हणाला. पाण्यातच ठेवून पक्कडीने गरी काढली. काट्याविना गरी लागलीच निघाली. वल्हेकऱ्यांनी शेपटीच्या मुळाशी एका हाताने आणि पोटाखाली दुसऱ्या हाताने तिला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. कल्ले उघडत-मिटत राहिले. मग तिने शेपूट हलवली, हातातून सुटली आणि खाली गेली.

परत येताना वल्ही दादाने घेतली. वल्हेकरी मागे बसून पहिल्यांदाच गळ धरून होते, आणि काठीच्या टोकाकडे बघून दादाला सांगत होते : लांब, अजून लांब.

दुपारी निघालो. नवा महामार्ग धरला आणि ननाइमोहून संध्याकाळची फेरी.

कुणाला जायचं असेल तर ऑगस्टच जमवा. चिनूक तेव्हा मुखाशी असतात आणि क्लबचा काटा रोज संध्याकाळी उघडा असतो. समुद्रातल्या मासेमारीचा परवाना केंद्र सरकारच्या मत्स्यखात्याकडून ऑनलाइन काढता येतो. चिनूक ठेवला तर त्याची नोंद परवान्यावर लागलीच करावी लागते, आणि किती ठेवता येतील, कुठे ठेवता येतील, हे नियम हंगामातही बदलतात म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचा. उन्हाळा आहे म्हणून पातळ कपडे नेऊ नका. भरती-ओहोटीचं वेळापत्रक सीमोर नॅरोजचं वेगळं आणि गावाचं वेगळं असतं, दोन्ही जवळ ठेवा. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी वल्हेकऱ्यांची तारीख ठरवा. चांगले वल्हेकरी थोडे आहेत आणि त्यांच्या पहाटा फार आधी भरतात.